मोनूची फांदी

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. परप्रांतातल्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनमध्ये राहणाऱ्या तेजरामचं तोंड कधी पोळलंच नव्हतं, तरी तो फुंकायचा. कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्ट्यांवर, तीस वर्षं काढली, अंगावर ओरखडा नाही. रिटायर झाल्यावर त्यानं नातीच्या मोनूच्या जिवाची धास्ती घेतली. मोनू म्हणजे दामिनीनं पाळलेला इग्वाना, हातभर लांबीचा हिरवा सरडाच. त्याच्या पिंजऱ्यातली प्रत्येक फांदी तेजरामच तयार करी. कण्हेर नको, चिकाचं झाड नको, औषध मारलेलं तर नकोच. साल सोलायची, ब्रशनं घासायची, उकळायची, मग आठ दिवस उन्हात. बायको सिंधुताई म्हणायची, "पोराच्या पाळण्याले बी एवढं नाही केलं तुमी." ती मात्र मोनूच्या खोलीत पाऊल टाकत नसे.

दिवाळीनंतर दामिनी परीक्षेसाठी नागपूरला गेली. ती परतायच्या दोन दिवस आधी तेजरामला उतई गावाजवळच्या एका कापलेल्या धानाच्या वावरात वाळकी, छान वाकडी फांदी रोवलेली दिसली. नात खूश होईल म्हणून त्यानं ती उपटून आणली. वाळलेलीच तर आहे, असं म्हणत आठ दिवसांचं ऊन एका दुपारीत उरकलं. संध्याकाळी मोनू तिच्यावर चढला आणि चाटू लागला.

सकाळी तेजरामची मनगटं सुजली होती, बोटांच्या बेचक्यांत फोड आले होते.

"बिब्बा उतला तुमाले," सिंधुताई म्हणाली. "कुठून आणली ते फांदी?"

"उतईच्या वावरातून."

"अवो, हरेलीच्या सणाले इकडचे लोक वावरात भेलव्याची फांदी रोवतात. भेलवा म्हणजे आपला बिब्बाच. चाळीस वर्सं इथं राहून राहिलो, एवढं नाही समजलं?"

 तेजराम पिंजऱ्याकडे धावला. मोनू फांदीला चिकटून निपचित पडला होता. तेजरामनं हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. बिब्ब्याचं तेल याच हातांना लागलं होतं.

"सिंधू, मले नाही धरता येत त्याले."  उद्या दामिनी दारात उभी राहील, तिला काय सांगायचं?

सिंधुताईनं पदर खोचला. डोळे गच्च मिटून ती आत आली, चाचपडत मोनूला उचललं आणि कोमट पाण्याच्या टबात धरलं.  तेजराम लांबूनच मगानं पाणी ओतत राहिला. मोनू हलत नव्हता.

"डोळे उघड, सिंधू. चावत नाही तो."

"चावाले कोण भेते? मेला असन तं मले पाहाचं नाही. तुमीच पाहून सांगा."

तेजराम खाली वाकला. बराच वेळ त्याला काही दिसेना. मग मोनूची कूस हळूच वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली.

"जित्ता आहे," तो म्हणाला.

सिंधुताईनं तरी डोळे उघडले नाहीत. "अजून एकदा पाहा," ती म्हणाली.