व्याह्यांच्या दारात वाजलेला हॉर्न

खुणांच्या भाषेच्या वर्गाला मी चार महिने नियमित गेलो, फक्त वर्गात कधी शिरलो नाही.

आमच्या मुग्धानं लग्न ठरवलं ते दहिसरच्या अनिकेतशी. मुलगा उत्तम. त्याचे आईवडील दोघंही जन्मापासून कर्णबधिर. मुग्धा पुण्याला नोकरी करता करता त्यांची भाषा शिकली आणि मग तिनं मला गाठलं.

"बाबा, माझं एकच मागणं आहे. बोलणीच्या दिवशी तू स्वतः त्यांच्याशी बोलायचंस. मी मध्ये बसून सांगणार नाही. दहा वाक्यं शीक, बस."

कांदिवलीतल्या एका कॉलेजात शनिवारी हे वर्ग चालायचे. पहिल्या मजल्यावर खुणांची भाषा, तळमजल्यावर वाहनदुरुस्ती. मी आधी वर गेलो, खरंच गेलो. दारातून पाहिलं तर वीसेक मुली आणि एक बाई, सगळ्या चिडीचूप. दोन तास तोंड बंद ठेवायचं या कल्पनेनंच मला घाम फुटला. (मी अठ्ठावीस वर्षं ऑफिसात चौकशीच्या खिडकीवर काढली आहेत. मी झोपेतही माहिती देतो.) खाली येतो तर एक इंजिन उघडं पडलेलं आणि भोवती लोक तावातावानं बोलतायत. मी तिथेच फॉर्म भरला. शिवाय जिना चढताना माझा गुडघा दुखतो.

पुढे सगळं खोटं बोलण्यातच गेलं.

"अहो, खुणांच्या वर्गात हात इतके काळे कसे होतात?" बायकोनं विचारलं.

"फळ्यावर लिहायला लागतं."

"काळ्या खडूनं?"

व्हिडिओ कॉलवर मुग्धा म्हणायची, "बाबा, एक वाक्य दाखव ना." मी म्हणायचो, "आत्ता नाही. थेट त्यांच्यासमोर." एकदा हे ऐकून तिचे डोळे भरून आले. मला इतकी लाज वाटली, की मी खाली जाऊन गाडी धुतली.

बोलणीचा रविवार जवळ आला तशी माझी झोप उडाली. भाषा तर येत नाही, निदान स्वतः दुरुस्त केलेल्या गाडीतून जाऊन छाप पाडू, असं मी ठरवलं. हॉर्न जरा नरम वाजत होता. आमचे सर म्हणाले, "काका, हॉर्नला हात नका लावू. ते पुढच्या टर्मला आहे." मी लावला.

बोरिवलीला वळण घेतलं आणि हॉर्न वाजला. वाजला तो थांबेचना. गाडी कडेला घेऊन किल्ली काढली तरी वाजतोय. बॅटरीची तार काढावी तर बॉनेट उघडेना, कारण बॉनेटचा खटका आदल्या शनिवारी मीच सुधारला होता. पुढचे रिक्षावाले आधी बाजूला झाले आणि मग वळून बघू लागले. एकानं हातानं जी खूण केली, ती मला कोर्स न करताही समजली.

पेढ्यांचा बॉक्स मांडीवर ठेवून बायकोनं कानात बोटं घातली. "बंद करा तो!"

"तेच करतोय!"

"मग वाजतोय का?"

"ते पुढच्या टर्मला आहे!"

तसेच वाजत आम्ही त्यांच्या सोसायटीत शिरलो. सगळ्या गॅलऱ्या भरल्या. फाटकाजवळ फक्त दोन माणसं शांत उभी होती, हसतमुख, हात जोडून. व्याही आणि विहीणबाई. शेजारी अनिकेत आणि मुग्धा. साऱ्या सोसायटीनं कान झाकले होते, पण मुग्धा माझ्या हातांकडे बघत होती.

"बाबा, बोल ना," ती माझ्या कानाशी ओरडली.

मी हात वर केले. चार महिन्यांच्या सवयीनं ते आपोआप पाना फिरवायला लागले.

व्याह्यांनी ते नीट पाहिलं. मग माझी काळी नखं पाहिली. मग पुढे होऊन थरथरणाऱ्या बॉनेटवर तळहात ठेवला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. अनिकेतला त्यांनी आतला खटका ओढायला लावला, स्वतः बॉनेट वरून दाबलं. ते उघडलं. त्यांनी एक तार उपटली आणि सगळीकडे शांत झालं.

"तू वर्गाला गेलाच नाहीस ना?" मुग्धानं हळूच विचारलं.

"गेलो होतो. तळमजल्यावर."

ती रडायला लागली. आयुष्यात इतका लहान मी कधी झालो नव्हतो. व्याह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, काय झालं ते तिच्याकडून खुणांनी समजून घेतलं आणि मग माझ्याकडे बघत काहीतरी सांगितलं. मध्ये बसणार नाही म्हणालेल्या माझ्या मुलीनं डोळे पुसत ते मला सांगितलं, "ते म्हणतायत, गाडी मी बघतो. यांना वरच्या मजल्यावर पाठवा."

त्यांनी सगळी हयात गॅरेजमध्ये काढली होती. (मला त्यांच्याशी बोलता आलं असतं, तर हे आधीच कळलं असतं.)

लग्न मार्गशीर्षात आहे. हॉर्न व्याह्यांनी सुरेख करून दिला. मी दर शनिवारी गुडघा धरून जिना चढतो आणि त्या वीस मुलींच्या मागे बसतो. दहापैकी चार वाक्यं येतात. पहिल्या चाचणीत नापास झालो. कागदावर बाईंनी शेरा मारलाय, 'विद्यार्थी वर्गात फार बोलतो.'