चार हाका

बसल्या जागेवरून एखादं काम होतं यावर अजिबात विश्वास नसलेला माणूस माझ्या पाहण्यात एकच, आणि तो नेमका बसून करायचं काम शिकायला आमच्या अंबाजोगाईच्या घरी येऊन राहिला. हा माझा मेहुणा. वय त्रेचाळीस, त्यातली तीस वर्षं घाटनांदूरच्या माळावर मेंढरांमागे गेलेली. कळप धाकट्या भावाच्या हवाली करून त्याने नेटवर्क दुरुस्तीच्या सहा महिन्यांच्या वर्गात नाव घातलं. गाव हसलं. "महिन्याभरात काठी मागायला येतंय बघा," असं सख्ख्या भावानेच सांगितलं. त्यावर हा म्हणाला, "नापास झालो तरी काठी मागणार न्हाई."

केबलच्या टोकाला आठ रंगीत तारा ठरलेल्या क्रमाने बसवाव्या लागतात. बाकीचे क्रम वहीत लिहीत. हा वहीला हात लावीना. "दाजी, ब्याण्णव मेंढरं तोंडावरून वळखतो मी. आठ तारा काहून चुकतील?" चुकल्या. पहिल्या आठवड्यात त्याने केलेल्या एकवीस केबली मी स्वतः मोजल्या; चालू निघाल्या तीन. आठ तारांना त्याने आठ मेंढरांची नावं दिली, आणि त्यानंतर मात्र एकही चुकली नाही. पण त्याचा खरा जीव जडला पिंगवर. एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्याकडे चार संदेश पाठवायचे आणि किती उत्तरं येतात ते पाहायचं, एवढीच ती तपासणी. याच्या मते ती माळावरची हाकच. तेव्हापासून रोज संध्याकाळी वर्गातून आला की फाटकातूनच तो "दाजी!" म्हणून चारदा हाक मारी. मी तीनदाच ओ दिली, तर आत येऊन सांगे, "पंचवीस टक्के गळती हाय. कानात तेल घाला." उत्तर आलं नाही म्हणजे समोरचा कॉम्प्युटर बंद, असं सर शिकवत. हा भर वर्गात उठून म्हणाला, "उत्तर आलं न्हाई म्हणून मेंढरू मेलं असं न्हाई, सर. डोंगरामागं असंल. जाऊन बघावं लागतं."

परीक्षेच्या दिवशी मी त्याचा डबा घेऊन व्हरांड्यात बसलो होतो. सरांनी बाराही कॉम्प्युटरांच्या सेटिंगमध्ये मुद्दाम चूक करून ठेवली होती. याने आपल्यापुरती ती सहा मिनिटांत सुधारली, पिंगच्या चार हाका मारल्या, उत्तर शून्य. बाकीच्या अकरा जणांचंही तेच झालं, पण ते पुन्हा पुन्हा तीच सेटिंग चाळत बसले. हा उठला आणि भिंतीवरची केबल बोटाने चाचपत माझ्यासमोरून जिना चढून गेला. सरांनी कागदावर लिहिलं, 'परीक्षा सोडून गेला.' एकोणीस मिनिटांनी खोलीतल्या बाराही कॉम्प्युटरांवर एकदम उत्तरं येऊ लागली. वरच्या मजल्यावर लोखंडी कपाटाच्या पायाखाली केबल चेंगरली होती. याने तो तुकडा कापून जोड दिला होता.

"हॉल सोडलात. नियमाने शून्य," सर म्हणाले.

"पळालो न्हाई सर, लाइनीमागं गेलतो. मला शून्य देयाचं तर ह्या अकरा जणांनाबी द्या. त्यांची मेंढरं मीच घरी आणलीत."

तो माझ्यासमोरून कधी जिना चढला आणि कधी उतरला, असा एकोणीस मिनिटांचा हिशोब मी आत जाऊन तोंडी सांगितला. सरांनी शेरा खोडला आणि चाळीसपैकी सोळा गुण दिले. पास व्हायला सोळाच लागतात.

"लई झाले," मेहुणा डबा उघडत म्हणाला. "काठी भावालाच लखलाभ."

आता तो वडवणीला असतो, गावोगावच्या कचेऱ्यांतल्या लाइनी पायी शोधत फिरतो. कामात असला की फोन उचलत नाही. परवा संध्याकाळी मी चार वेळा लावला, चारही वेळा नुसती रिंग. बायको काळजीने माझ्याकडे पाहू लागली. "डोंगरामागं असंल," मी म्हणालो, आणि तरीही बराच वेळ फाटकाकडे कान देऊन बसलो.