मणक्यांमधली जागा

दुपारचं जेवण झालंय, टिनाच्या शेडमध्ये पंखा गरगरतोय आणि मी टेबलावर कपाळ टेकवून पाच मिनिटं डोळे मिटलेत. चारला वेल्डर अस्लमभाई येणार. संग्रहालयातल्या लांब मानेच्या डायनासोरचा सांगाडा उभा करायचाय, आणि मान किती वर धरायची हे तोवर मला ठरवायचंय. एकदा लोखंड जोडलं की जोडलं.

मला हाडं वाचायला शिकवणारे वैरागडे सर म्हणायचे, मान जमिनीला समांतर. मी म्हणायचे, वर. तसा लेखच छापला मी, त्यांना न दाखवता. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. मागच्या वर्षी गेले. मी हट्टी, ते माझ्याहून हट्टी. भेटायला जायचं राहूनच गेलं.

"कुंदा, काय करून राहिली?"

सर समोर बसलेत. टेबल आता आमच्या जुन्या खानावळीचं आहे. ताटात सावजी रस्सा, आणि सर नेहमीसारखे कोंबडीच्या मानेचे मणके चोखून, पुसून, ओळीनं मांडतायत. असंच शिकवलं त्यांनी आम्हाला, जेवता जेवता.

"एकात एक घट्ट बसवले. कशी आहे मान?"

"आडवी, सर."

"मग?"

टेबलाखालून एक जिवंत कोंबडी निघते आणि मान उभी करून सरांकडे बघते. सरही बराच वेळ तिच्याकडे बघत राहतात.

"मधली कुरकुरीत कूर्चा आपण चोखून खाल्ली," ते हळूच म्हणतात. "तिची जागा मी कधी हिशेबात धरलीच नाही."

खानावळीला छत नाही. कोंबडीच्या जागी एक पाय आहे, राखाडी, विहिरीच्या कठड्याएवढा. मान आमच्या डोक्यावरून आडवी जाते, सावकाश, सर सांगायचे तश्शी. माझा चेहरा उतरतो. मग ती उठायला लागते. उठतच राहते. सर माझा हात धरतात. त्यांचा हात गरम आहे. पार वर ते एवढंसं डोकं पानं ओरबाडतं, आणि घास गळ्यातून खाली येताना दिसतो, किती तरी वेळ. मला रडू येतंय, आणि आनंदही मावत नाहीये.

"अबब," सर म्हणतात. एवढंच.

"म्हणजे माझं बरोबर होतं?"

"आत्ता आडवी होती, तीही पाहिली ना? लेख चांगला होता तुझा. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

"मी तरी कुठं आले, सर."

"मॅडम." अस्लमभाई टेबल ठोकतायत. "वर घ्यायची की आडवी?"

डोकं खाली घालून झोपले होते, तर मान मागून आखडायला हवी. पण ताण आलाय पुढे, गळ्याला, तासभर वर बघत उभी असल्यासारखा. हनुवटी खाली येतच नाही.

"वर," मी टिनाच्या छताकडे बघत म्हणते. "आणि प्रत्येक दोन मणक्यांमध्ये बोटभर जागा सोडा."

"हे कोणी सांगितलं?"

"वैरागडे सरांनी."

अस्लमभाई माझ्याकडे बघतात. सरांच्या मातीला ते होते, मी नव्हते. मग ते पहिल्या दोन मणक्यांमध्ये बोट धरून बघतात.