एक मवाळ शिफारस

स्पॅनिश मी पन्नाशी ओलांडल्यावर शिकलो, बायको गेल्यानंतर. सक्करदऱ्याच्या घरात रोज संध्याकाळी तासभर लॅपटॉपमधून कुणीतरी माझ्याशी बोलायचं, माझ्या चुका काढायचं. शिकायला एवढं कारण पुरलं. पुढे हिंगण्याच्या एका कापड कारखान्याने स्पेनहून माग आणले आणि त्यांना दुभाष्या हवा होता. नागपुरात या पदासाठी रांग नव्हती.

स्पॅनिशमध्ये जे आहे ते सांगायला क्रियापदाचं एक रूप असतं. जे व्हावं असं वाटतं, ज्याची शिफारस करायची किंवा ज्याबद्दल शंका आहे, त्याला दुसरं. आपल्या 'करावं', 'व्हावं'च्या जवळचं. कामाच्या पत्रात मत मांडताना हे दुसरं रूप पावलोपावली लागतं. मला ते फार आवडलं, आणि त्यावर थर चढवायची मला सवय लागली. 'वेग कमी करावा' असं न लिहिता मी 'वेग कमी करण्याच्या शक्यतेचा विचार झाल्यास ते कदाचित उचित ठरावं' असं लिहायचो. प्लांटच्या साहेबांना माझी पत्रं पसंत होती. त्यांना त्यातलं अक्षर कळत नसे, पण लांबी दिसत असे.

कारखान्यात माझ्याशी कामापलीकडे बोलणारा एकच माणूस होता. नव्या मागांवरचा ऑपरेटर, उमरेडच्या विणकर घरातला. घरचा हातमाग वडिलांबरोबर थांबला आणि हा कंपनीच्या बसमध्ये चढला. दुपारी सुताच्या रिकाम्या खोक्यांवर बसून आम्ही डबा खायचो.

"काय गा मास्तर, आज बी आलूच?"

"आलूच."

"घ्या, वांगं घ्या. आलू खाऊन खाऊन माणूस गोल होऊन राहिला."

दिवसभरात मला कुणी काही विचारलं असेल, तर ते एवढंच.

मग मोठे मालक नव्या मागाचं उद्घाटन करायला येणार असं ठरलं. फ्लेक्स लागला. त्यावर साहेब मागापेक्षा मोठे होते. आदल्या दिवशी स्पेनच्या इंजिनिअर बाईंबरोबर मागाजवळच व्हिडिओ मीटिंग झाली. ऑपरेटरचं काय मत आहे, असं त्यांनी विचारलं. आमच्याकडे साहेब बोलेपर्यंत कुणाला मत नसतं. साहेब बोलले की सगळ्यांचं तेच असतं. पण याने ताणलेल्या धाग्यांवर तळहात ठेवला आणि म्हणाला, "उद्या फुल स्पीडवर चालवूच नका. हा ताणा टिकत नाही. सांगा मास्तर तिले, अस्संच सांगा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

मी स्पॅनिशमध्ये सांगितलं की वेगाबाबत कधीतरी पुनर्विचार झाल्यास ते इष्ट ठरू शकावं. "ही शिफारस आहे की निरीक्षण?" बाईंनी मला विचारलं.

"निरीक्षण म्हणता येईल," मी म्हणालो. त्या पुढच्या मुद्द्याकडे वळल्या.

दोष भाषेचा नव्हता. 'उद्या चालवू नये अशी आमची शिफारस आहे' हे त्याच भाषेत, त्याच रूपात, एका दमात सांगता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी नारळ फुटला, मागाला हार घातला, मालकांनी बटण दाबलं. टाळ्या थांबायच्या आत धागे तुटायला लागले. आधी दोन-चार, मग पट्टेच्या पट्टे. मालकांनी घड्याळ पाहिलं आणि ते चहाला गेले.

ते निघून गेल्यावर साहेबांनी ऑपरेटरला बोलावलं. "कळत होतं तर सांगितलं काहून नाही?"

"सांगतलं न साहेब. मास्तरले विचारा."

"मीटिंगच्या टिपणात तर नाही."

टिपण माझं होतं. सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "तसा काही उल्लेख झाला असावा."

त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. सोमवारी त्याची बदली कळमेश्वरच्या जुन्या युनिटला झाली.

चार दिवस मी एकटा जेवलो. पाचव्या दिवशी बाईंना पत्र लिहिलं आणि त्याचं मराठी करून साहेबांना दिलं: ऑपरेटरने माग चालवू नका असं स्पष्ट सांगितलं होतं. मी ते तुम्हाला सांगितलं नाही. त्याला परत आणावं अशी माझी शिफारस आहे. एवढं आखूड पत्र मी आजवर लिहिलं नव्हतं. बाईंनी आभार मानून नोंद दुरुस्त केली. साहेबांनी मराठी कागदावर 'पाहिले' असं लिहून सही केली. बदलीची ऑर्डर मागे घेतली नाही. घेतली असती तर फ्लेक्सवरचा माणूस लहान झाला असता.

मी ऑपरेटरला फोन केला.

"चिठ्ठी लिहिली म्हणे तुमी."

"हो. चूक माझी होती."

"मंग आता काहून सांगून राहिले? त्या दिवशी तोंड नव्हतं का तुमाले?"

तेवढ्यात तिकडे कुणीतरी त्याला हाक मारली. "ठेवतो मास्तर," तो म्हणाला आणि फोन बंद न करताच खिशात टाकला. मागाचा आवाज येत राहिला, मधूनच त्याचा. कुणाला तरी तो धागा कसा धरायचा ते सांगत होता. आवाज चढवून, एकदाच, स्पष्ट. मी बराच वेळ ऐकत बसलो.