तीन वासांची भानगड

हिराच्या नाकाला फसवायची छाती मिरकरवाड्यात कुणाची नाही. बांगड्याचा कल्ला उचलून एकदा हुंगलं, की मासा आजचा का कालचा ते ती डोळे मिटून सांगेल. अशा बाईच्या नवऱ्याने अंगाला सेंट मारून हिंडायचं म्हणजे आपणहून वाघाच्या तोंडात हात घालणं झालं!

जानू रिक्षा चालवतो. पहाटे हिराला आणि तिच्या म्हावऱ्याच्या पाटीला मच्छीमार्केटात उतरवतो, फडक्याने रिक्षा पुसतो, हिराच्या हातात चहाचा ग्लास देतो आणि स्टेशनकडे सुटतो. एके सकाळी त्या चहाबरोबर लिंबाच्या सालीचा वास आला. दुपारी तो न्यायला आला, तेव्हा लिंबू गायब आणि जायफळ हजर! संध्याकाळी घरी येऊन टेकला, तर अंगाला चंदन. आठवडाभर हेच चाललं.

"तीन वास म्हंजे तीन ठिकाणं," हिराने शेजारी बसणाऱ्या चिमाच्या कानात सांगितलं.

कोळंबी सोलता सोलता चिमा खो-खो हसत सुटली. "तीन बाया? गो, त्याला तू येकटी आवरत नायस!"

हिराला कसलं हसू येतंय! शर्ट धुवायच्या आधी ती कॉलर हुंगायची. स्टेशनसमोरची वडे तळणारी बाई फार हसते, हे तिला आताच आठवायला लागलं. जानू हल्ली डोळ्याला डोळा भिडवत नव्हता, तेही तिने हेरलं होतं. हा माणूस हातचा गेला तर मी काय करू, या विचाराने तिला घास गिळवेना.

एका सकाळी पाटीतून गळलेलं पाणी पुसायला तिने सीटमागचं फडकं ओढलं, आणि आतून सेंटची काळी बाटली घरंगळली.

"ही कुनी दिलीन?"

"मीच घेतली."

"आनि बाकीच्या दोन?"

"कसल्या दोन?"

"सकाळची लिंबवाली, दुपारची जायफळवाली, सांजची चंदनवाली! मला काय नाक नाय?"

जानूने कपाळाला हात लावला. मग तिचं डावं मनगट धरलं आणि त्यावर बाटली दाबली. "धुऊ नको. सांजपर्यंत हुंगत ऱ्हा."

दिवसभर हिरा डावा हात वर धरून बसली. गिऱ्हाइकं विचारत होती, हात मुरगळला काय? लिंबू लवकरच उडालं. दुपारी जायफळ आलं. संध्याकाळी मनगटावर चंदन उरलं होतं. बाटली एक, वास तीन! अगं, म्हावऱ्याचा तरी वास दिवसभर एकच कुठे राहतो? इतकी वर्षं मार्केटात काढून हे डोक्यात येऊ नये! हिरा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. जीव भांड्यात पडला.

"पन अवो," जेवण वाढताना तिने त्याला डिवचलं, "ह्या वयात नटायचा तो कुनासाठी?"

जानू हसला नाही. भात चिवडत म्हणाला, "पॅसेंजर बसतात नि नाक दाबून उतरतात. म्हावऱ्याचा वास येतो म्हनतात. कितीपन पुसली तरी जात नाय. तुला कसा सांगनार?"

हिराचा हात भातावरच थांबला. जानू एका बाईचा वास लपवत होता, हे तिच्या नाकाने बरोबर ओळखलं होतं. ती बाई आपणच, हे मात्र तिला ओळखता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती पाटी डोक्यावर घेऊन पायीच निघाली. जानूने रिक्षा आडवी घातली.

"बस गो."

"नको. तुमचे पॅसेंजर..."

"पॅसेंजर दुसरी रिक्षा बघतील. मी दुसरी बायको कुठं बघू?"

हिरा बसली. आजही त्याच रिक्षाने जाते. पण पाटी ती खाली ठेवत नाही. मार्केट येईपर्यंत मांडीवर घट्ट धरून बसते, थेंब सांडू नये म्हणून.