जयवंतीबाईंचा तिसरा गट

श्रीमती जयवंती दिनानाथ चुरी. जन्म १९६५, मृत्यू २०२४. दोन्ही वसईतील भुईगावात. चंदनसारकडील एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत त्या तीस वर्षे तंत्रज्ञ होत्या. पीएच.डी. व्हावी, ही एकच इच्छा त्यांनी आयुष्यात बोलून दाखवली.

माहेर पानवेलींच्या वाडीतले. वडील एका ओळीला नवी पेंड घालीत, तेव्हा शेजारच्या ओळीची मातीही तितकीच खणून ठेवीत, पेंड न घालता. वेल पेंडीने फुटला की नुसत्या खणण्याने, याचा निवाडा त्याशिवाय होत नाही, असे त्यांचे म्हणणे.

२०१२ साली विभागप्रमुख डॉ. जितेंद्र सबनीस यांनी बाईंना पीएच.डी.साठी विषय दिला: त्यांच्या स्वतःच्या गाजलेल्या प्रयोगाची पुनरावृत्ती. मोबाइलच्या लहरींनी उंदरांचे शुक्राणू घटतात, असा तो प्रयोग. त्यावरच्या शोधनिबंधाच्या प्रती वाटून बाईंच्या यजमानांनी, दिनानाथरावांनी, भुईगावातला मोबाइल टॉवर हटवला होता. घरात त्या निबंधाला पोथीचा मान होता.

सरांनी लहरी द्यायचे उंदीर रोज दोन तास अरुंद नळीत कोंडले होते. तुलनेचे उंदीर मात्र पिंजऱ्यात मोकळे. बाईंनी तिसरा गट वाढवला: नळीत कोंडलेला, पण लहरींचे यंत्र बंद. कोणता उंदीर कोणत्या गटातला, ती यादी सहायक ब्रेंडाने लिफाफ्यात बंद केली. मोजणी संपेपर्यंत बाईंनी ती मागितली नाही.

लिफाफा फोडला, तेव्हा मोकळ्या उंदरांचे आकडे उत्तम निघाले. नळीतले दोन्ही गट सारखेच खालावलेले.

“म्हणजे लहरींनी नाही, कोंडल्यानेच?” ब्रेंडा म्हणाली. “बाई, सरांना तुम्हीच सांगा हां. माझी नोकरी अजून पक्की नाही.”

सरांनी तक्ता दोनदा वाचला. “जयवंतीबाई, हा तिसरा गट मी सांगितला होता?”

“नाही, सर.”

“मग गाळून टाका. दोन महिन्यांत डॉक्टर व्हाल.”

“आणि त्या उंदरांचे काय?”

“उंदीर तक्रार करीत नाहीत.”

“म्हणून तर मोजावे लागतात, सर.”

सरांनी प्रबंधावर स्वाक्षरी केली नाही.

घरी दिनानाथराव भडकले. “गाव मला काय म्हणेल?”

“अहो, लहरी निर्दोष आहेत असे मी कुठे म्हटले? सरांच्या प्रयोगाने दोष सिद्ध होत नाही, एवढेच.”

“हा फरक तू नाक्यावर उभी राहून समजाव!”

पुढले सहा महिने ते ‘वाढ’ आणि ‘पुरे’ यांपलीकडे बोलले नाहीत.

बाईंनी दुसरा मार्गदर्शक मागितला. सरांच्या विरुद्ध जायला कोणी धजेना. ज्यांना त्यांनी मोजणी शिकवली ती मुले डॉक्टर होऊन गेली, आणि पेढे देताना पाया पडली. बाई २०२३ साली तंत्रज्ञ म्हणूनच निवृत्त झाल्या आणि वर्षभरात मूत्रपिंडाच्या विकाराने गेल्या.

त्यानंतर सबनीसांनी, मूळ निबंध ज्यात आला होता त्याच नियतकालिकात, खुलासा छापला: मूळ प्रयोगात कोंडलेल्या उंदरांचा तुलना-गट नसल्याने निष्कर्ष ग्राह्य धरू नये. ही उणीव आपल्याला ‘पुनर्विचारान्ती’ जाणवली, असे त्यात होते. बाईंचे नाव नव्हते.

तो खुलासा जोडून दिनानाथरावांनी पत्नीला मरणोत्तर पदवी मिळावी म्हणून अर्ज केला. विद्यापीठाने मार्गदर्शकाचे मत मागवले. सबनीसांनी एका ओळीत कळवले: संशोधिका हयात नसल्याने स्वाक्षरीचा प्रश्न उद्भवत नाही.