वाघमारे काकांचं लॉक

आधीच सांगते, या ग्रुपवर मी येते ती तुमचे गूढ अनुभव वाचून हसायला. राग मानू नका. नांदेडला आमच्या घरी आजोबांपासून बुद्धवंदना. अंगारे-धुपारे, लिंबू-मिरची असलं काही उंबऱ्याच्या आत आलंच नाही. त्यात माझी नोकरी सॉफ्टवेअर सपोर्टची. प्रत्येक एररला कारण असतंच, सापडत नसेल तर आपणच नीट शोधलेलं नसतं... असं मानणारी मी बाई. तरीही हे लिहितेय.

लातूरच्या एमआयडीसीत एका डाळ मिलमध्ये मी काम करते. गेटपासपासून बिलापर्यंत सगळं एकाच मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. एकानं एखादी नोंद उघडून ठेवली की दुसऱ्याला तिला हात लावता येत नाही. स्क्रीनवर येतं ‘डेटा लॉक्ड’ आणि पुढे उघडणाऱ्याचं नाव. मग त्या माणसाला हाका मारायच्या, "अहो, स्क्रीन बंद करा!" तो सापडला नाही तर मी लॉक काढून टाकते. दिवसभर हेच.

या कामात मला सगळ्यात जास्त पिडलं ते गेटवरच्या वाघमारे काकांनी. आणि चुकून नव्हे, मुद्दाम! ड्रायव्हर उपाशी दिसला की काका त्याचा गेटपास उघडायचे आणि तसाच ठेवून निवांत बसायचे. "लॉक लागलंय बाबा, मी तरी काय करू? कँटीनला जा, दोन घास खाऊन ये, तवर सुटतंय." डिस्पॅचचे साहेब माझ्या नावानं शंख करायचे आणि ड्रायव्हर मंडळी काकांवर जीव टाकायची. मग काका रिटायर झाले, शिरूर अनंतपाळला गावी गेले. त्यांचा आयडी मीच डिलीट केला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. भर दुपारी बालाजीची गाडी तूरडाळ भरून गेटला लागली. बालाजी आमचा जुना ड्रायव्हर, धर्माबादचा. माल धर्माबादलाच उतरवायचा होता आणि दुसऱ्या दिवशी घरी पोरीचा साखरपुडा. स्वारी भलतीच खुशीत, आणि तितकीच घाईत. पण गेटपास काही निघेना. मी माझ्या टेबलवरून बघितलं आणि खुर्चीतच ताठ झाले. लॉक वाघमारे काकांच्या आयडीनं लागलेलं!

असं कसं होईल? मी लॉक काढलं. परत आलं. पुन्हा काढलं, पुन्हा हजर. यूजरमध्ये शोधलं तर त्या नावाचा पत्ताच नाही. मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढून हेड ऑफिसला पाठवला... आणि सरळ काकांना फोन लावला. का, ते विचारू नका. डोकं चालेनासं झालं की माणूस काहीही करतो.

"अगं पोरी, मी हितं अंगणात शेंगा फोडायलोय," काका म्हणाले. "माझ्याकडं कुठलं आलंय कॉम्प्युटर?"

घाईघाईनं गेटवरून माझ्या टेबलाशी आलेल्या बालाजीनं माझ्या हातातून फोनच घेतला. "काका, सोडा की आता! पोरीचा साखरपुडा हाय उद्या."

मी स्पीकर लावला. "म्या न्हाई रे धरलेलं, तुझ्या गळ्याची आण!" काका कळवळून बोलले. मग म्हणाले, "पण तू जेवला का?"

सकाळपासून गडी नुसत्या चहावर होता. "लई झालं तुमचं," म्हणत हसत हसत कँटीनकडे निघाला. "मॅडम, जेवल्याबिगर सुटत नसतंय हे."

दोन घासही खाल्ले नसतील, घामानं डबडबला. छातीवर हात धरून बाकावर आडवाच झाला. कंपनीच्या जीपमधून आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. हार्ट अटॅक. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत; हाच रस्त्यात, गाडी चालवताना आला असता तर काही खरं नव्हतं. मी बाहेर बसून ढसाढसा रडले. खोटं कशाला बोलू.

ऑफिसला परतले तर गेटपास मोकळा! लॉक काढायचा अधिकार मिलमध्ये फक्त मला, आणि मी तर दवाखान्यात. हेड ऑफिसचं उत्तर आलेलं — ‘डिलीट केलेल्या आयडीनं लॉक लागूच शकत नाही.’ तक्रार बंद. अहो, पण फोटो? फोनवर विचारलं तर म्हणाले, फोटो बघितलाय. आणि फोन ठेवून दिला.

साखरपुडा अर्थातच लांबला. पण झाला, आणि झकास झाला! बालाजीनं मला आणि काकांना आग्रहानं धर्माबादला बोलावून घेतलं. जरा वाळला होता, पण हसू तेच. काकांना पाहिल्याबरोबर पोरीचा हात धरून घेऊन आला. "पाया पड बाई. यांच्यामुळं तुझा बाप राह्यला."

काका घाबरून मागेच सरले. "अरे, म्या काहीच केलं न्हाई रे! खरंच न्हाई."

"मग कुणी केलं ते सांगा," बालाजी म्हणाला. "पोरीला घेऊन तिथं जातो."

काकांनी माझ्याकडे बघितलं. सॉफ्टवेअर कळणारी तिथं मीच ना! मी मान हलवली; त्या लॉकचं कारण मला अजूनही सापडलेलं नाही. पोरगी तशीच वाकून थांबलेली... शेवटी काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.